रिम हवी, टायर नको

मंडपाचा खांब पूर्वी जमिनीत रोवायचे. हातभर खड्डा, त्यात वासा, भोवती दगडगोटे, वरून पाणी मारून ठेचून घेतलं की खांब उभा. आता आमच्या चेण्यातसुद्धा अंगणं काँक्रीटची झाली, गल्ल्यांना पेव्हर ब्लॉक बसले, आणि रस्त्यात खड्डा खणला तर दंडाची पावती. मग खांबाच्या पायाशी वजन हवं. सिमेंट भरलेले तेलाचे डबे हा एक मार्ग. ते दोन सीझनमध्ये कडांना फुटतात आणि टेम्पोत चढवताना कुणाच्या तरी पायावर पडतात. दुसरा मार्ग मोटारीच्या चाकाची लोखंडी रिम. गोल, जड, सपाट बसणारी, मधोमध भोक तयार. त्या भोकावर हात-दीड हात लांबीचा पाइप उभा वेल्ड करायचा आणि त्यात खांब सोडायचा. वाऱ्याचे दिवस असतील तर वर एक वाळूची गोणी टाकायची. लाइटचे स्टँड, पडद्यांच्या चौकटी, बॅडमिंटनच्या जाळीचे खांब, सगळ्यांना तीच बैठक. कुठल्याही मांडववाल्याच्या गोडाऊनमध्ये डोकावा, अशा रिमांची चळत दिसण्याची शक्यता बरीच.

रिमांचा आमच्याकडे तुटवडा नाही. चेणे घोडबंदर रस्त्यावर वसलेलं. पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, समोर खाडी, मधून रात्रंदिवस कंटेनर. वरसाव्याच्या नाक्यावरून काही गुजरातकडे वळतात, काही गायमुखाचा घाट ओलांडून ठाण्याला जातात. एवढी रहदारी म्हटल्यावर रस्त्याकडेला गॅरेज, पंक्चरवाले आणि भंगारवाले आलेच. पावसाळ्यात चाक खड्ड्यात आपटलं की रिमची कड वाकते, टायरला बाजूने फुगा येतो. वाकलेल्या रिमवर गाडीचं स्टिअरिंग थरथरतं, म्हणून ती भंगारात जाते. मांडवाच्या खांबाला स्टिअरिंग नसतं. माझं काम त्या वाकलेल्या रिमवर झकास भागतं.

घोळ एवढाच, की रिम एकटी येत नाही. भंगारवाला टायरसकट चाक लोखंडाच्या भावात घेत नाही, कारण त्यात निम्मं वजन रबराचं असतं. लहान गाडीची रिम सहा-सात किलोची, टायरही साधारण तेवढाच. ‘टायर काढून आण, मग बोल,’ असं तो सांगतो. आणणाऱ्याला टायर काढता येत नाही. चाकं दुकानामागे पडून राहतात, त्यांच्यावर वेल चढतात. ती मी टायरसकट उचलतो.

टायरच्या दुकानात मशीन असतं. पायाने पेडल दाबलं की मिनिटभरात टायर सुटतो. पण मशीनवाल्याचा धंदा नवीन टायर विकण्याचा. गंजलेली, वाकलेली, मापात न बसणारी रिम तो मशीनवर घ्यायला नाखूश असतो आणि घेतलीच तर एका चाकाला जे मागतो त्यात मला आणखी एक रिम येते. त्याचं त्याच्या जागी बरोबरच आहे. म्हणून हे काम घरामागच्या पडवीत, हाताने. आषाढ लागला की लग्नं थांबतात, गणपतीला अजून अवकाश असतो, पोरं मोकळी असतात. टायर काढायचे दिवस ते.

कुणी विचारेल, टायर तसाच ठेवून मधल्या भोकावर पाइप वेल्ड केला तर काय बिघडलं? सगळंच बिघडतं. चाकात हवा असो वा नसो, टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंगची किंवा गॅसची आच लावायची नाही. आतलं रबर तापून त्यातून जळणारे वायू सुटतात, ते कोंडतात आणि चाक बॉम्बसारखं फुटू शकतं. आच काढून घेतल्यावरही काही वेळाने ते फुटू शकतं. वेल्डरमध्येही हे न मानणारे आहेत. माझ्या पडवीत मात्र हा नियम मोडायचा नाही.

हे काम मला काकांनी शिकवलं. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर सेक्शनला होते. एसटीत टायरला मोठं आयुष्य असतं: नवा टायर पुढच्या चाकाला लागतो, झिजला की त्याच्यावर नवा थर चढवतात आणि तो मागच्या चाकांना जातो. पुनःस्तरण हा तिथला शब्द. त्यामुळे टायर रिमवरून उतरवणं हे तिथे रोजचं काम, आणि उतरवताना टायरची कड फाटली तर पुढचं सगळं वाया. काकांच्या हाताला ती सवय. माझ्याकडे येणारे टायर मरायलाच आलेले असतात, तरी ते फाडू देत नसत. आडव्या पहारीने हिसका मारायला लागलं की म्हणायचे, ‘अरे, जोर कुठं लावतोस ते बघ आधी. लोखंडाशी मस्ती करून काय होणारे?’

टायर रिमला धरून बसतो तो त्याच्या आतल्या कडेने. गॅरेजात तिला बीड म्हणतात. त्या कडेत पोलादी तारांचं कडं असतं, अनेक वेढे देऊन रबरात बसवलेलं. टायर कितीही लवचिक असला तरी हे कडं ताणत नाही. ताणलं असतं तर वळणावर टायर रिम सोडून निघाला असता. आता माप बघा. १४ इंची रिमवर बीड जिथे बसते तिथला व्यास साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर. बाहेरची उभी कड मात्र ३९ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे न ताणणारं साडेपस्तीसचं कडं ३९च्या कडेवरून बाहेर काढायचंय. गणिताने हे अशक्य आहे. नवख्या माणसाची दमछाक होते ती इथेच.

तोडगा रिमच्या पोटात असतो. रिमच्या रुंदीत एक खोलगट घळ फिरवलेली असते; तिचा व्यास बीडच्या जागेपेक्षा बराच कमी. एका बाजूची बीड त्या घळीत ढकलली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि कडं तिथून कडेवर चढतं. अंगठा तळव्यात मुडपला की घट्ट बांगडी हातावरून सरकते, तसंच. ज्या बाजूला टॉमी, म्हणजे टायर उचकटायची चपट्या टोकाची पहार, घातली आहे तिच्या बरोबर समोर दोन्ही गुडघे टेकून बसायचं आणि तिथली कड घळीत दाबून धरायची. टॉमीच्या बाजूला जोर लागतोय असं वाटलं तर समजावं, समोरची बीड घळीतून वर सरकली. काम थांबवून आधी ती खाली ढकलायची. काकांचं ‘कुठं’ ते हे.

पण हे पुढचं. त्याआधी बीड जागेवरून सुटायला हवी, आणि निम्म्याहून जास्त घाम तिथेच जातो. हवा सोडायची म्हणजे व्हॉल्व्हची टोपी काढून आतली पिनच काढून घ्यायची, नुसती दाबून धरायची नाही. फुसफुस थांबली तरी बीड हलत नाही. ट्यूबलेस टायरसाठी रिमवर बीडच्या आतल्या अंगाला एक बारीक उंचवटा ठेवलेला असतो. हवा कमी झाली तरी वळणावर टायर घळीत घसरू नये म्हणून. चालत्या गाडीत माणसाचा जीव वाचवणारा हा उंचवटा पडवीत आपल्या जिवावर उठतो. त्यात लोखंडी रिम, खाडीची खारी हवा आणि वर्षानुवर्षांचा पाऊस. बीड आणि रिम यांच्यामध्ये गंज फुलतो आणि दोघांना सांधून टाकतो. अशा टायरवर उड्या मारल्या, घण घातला, तरी रबर नुसतं उसळी मारतं. घण तर वापरूच नये; तो परत येतो आणि येताना कपाळ बघत नाही.

आमची पद्धत जॅकची. टेम्पो सपाटीवर उभा करायचा, हँडब्रेक ओढायचा, चाकांना पुढेमागे दगड लावायचे. चाक त्याच्या चासीखाली आडवं सरकवायचं. टायरच्या बाजूवर, रिमच्या अगदी कडेला, लाकडाचा ठोकळा ठेवायचा; त्यावर बाटली जॅक, जॅकचं डोकं चासीला. आता दांडा मारत राहायचं. टेम्पोचं वजन ठोकळ्यातून टायरवर उतरत जातं. कड वाकते, रबर कुरकुरतं, ठोकळ्याच्या बाजूने गंजाची तांबडी पूड सांडायला लागते. टेम्पो किंचित वर आल्यासारखा वाटतो, आणि मग थप्प असा आवाज होऊन बीड खाली जाते. त्या क्षणी जॅक ढिला पडतो आणि आडवा होऊ शकतो, म्हणून हात दांड्याच्या टोकाला आणि तोंड बाजूला. ठोकळा फिरवून हेच दोन-तीन जागी केलं की पूर्ण वेढा सुटतो. चाक उलटं करून दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच.

टेम्पो भाड्याने गेलेला असेल तर लांब फळी. तीन मीटरची जाड फळी, तिचं एक टोक भिंतीतल्या भक्कम कोनाड्यात अडकवायचं, त्या टोकापासून हातभरापेक्षा कमी, म्हणजे ३० सेंटिमीटरवर, टायरवरचा ठोकळा. दुसऱ्या टोकावर ६० किलोचा माणूस बसला की ठोकळ्यावर सहाशे किलोचा दाब येतो. पोरांना हे फार आवडतं. फळीवर बसायला गल्लीतली निम्मी पोरं हजर असतात. फक्त फळी सटकली तर कुठे जाईल, त्या बाजूला कुणाला उभं राहू द्यायचं नाही.

बीड सुटली की साबणाचं पाणी. कपडे धुण्याच्या पावडरीचा दाट फेस ब्रशने कडेला फिरवायचा. जुने मिस्त्री डिझेल मारतात आणि गंजावर ते चालतंही, पण रिम तेलकट होते आणि तेलकट रिमवर ना वेल्डिंग धड होतं ना रंग. मग दोन टॉमी. पहिली घालून कड वर घ्यायची, तिच्या शेजारी चार बोटांवर दुसरी. एका वेळी थोडाच घास घ्यायचा; हावरटपणाने वीतभर घेतला तर टॉमी सुटून हनुवटीवर बसते. अर्धा वेढा वर आला की उरलेला हाताने निघतो. खालची बीडही त्याच कडेवरून काढायची, कारण रिमची घळ मधोमध नसते, एका कडेला जवळ असते. बहुतेक गाड्यांत बाहेरच्या, दिसणाऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूने प्रयत्न करणाऱ्याला दिवस पुरत नाही.

काही टायर मात्र कशालाच दाद देत नाहीत. त्यांना कापायचं. रेडियल टायरच्या बाजूच्या भिंतीत कापडी दोरे असतात, पोलाद नसतं. साबणाच्या पाण्यात बुडवलेली धारदार सुरी ती भिंत कापत जाते. जमिनीला लागणाऱ्या भागात पोलादी जाळी असते, तिकडे सुरी न्यायचीच नाही. भिंत गोल कापून टायर अलग केला की रिमवर नुसती बीडची कडी उरतात. ती छिन्नीने किंवा बोल्ट कटरने तोडायची. ग्राइंडर चालतो, पण जळक्या रबराचा धूर आणि ठिणग्या यांनी शेजारी भांडायला येतात, आणि त्यांचं खरं असतं.

ट्रकची चाकं मी घेत नाही. जुन्या ट्रकच्या रिमा अनेक तुकड्यांच्या असतात, बाहेरून लोखंडी रिंग अडकवलेली. हवेच्या दाबाखाली ती रिंग सुटली तर माणूस जागच्या जागी जातो. हायवेवरचे पंक्चरवाले असं चाक भरताना रिंग जमिनीकडे करतात किंवा साखळी गुंडाळतात, ते उगाच नाही. बैठकीसाठी ती रिम कितीही भारी दिसली तरी तिच्या नादी लागायचं नाही.

टायर हातात आला की मी त्याची तारीख बघतो. बाजूवरच्या एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. रबर झिजून संपलेले टायर त्यामानाने थोडे. बरेचसे जागच्या जागी म्हातारे झालेले: नक्षी शिल्लक, पण बाजूला बारीक चिरा पडलेल्या. शहरातली गाडी चालते कमी आणि उन्हात उभी जास्त. हवेतला ओझोन आणि ऊन रबर खात राहतात. मालकाला वाटतं टायर नवा आहे.

एका चाकातून काय काय निघतं ते सांगतो. रिमच्या कडेला चिमट्याने बसवलेली वजनं असतात, चाकाचा तोल साधण्यासाठी. जुनी असली तर शिशाची. ती मी डब्यात जमवतो. खाडीवर जाळी लावणारे मागून नेतात, जाळ्याला बांधायला. व्हॉल्व्हची रबरी नळी कापून टाकली की जे भोक उरतं, त्यातून लाइटच्या स्टँडची वायर सुरेख जाते. रिम तारेच्या ब्रशने घासायची, लाल प्रायमर मारायचा, वर काळा किंवा चंदेरी हात. जास्तच वाकलेली असली तर ती बैठक होत नाही, शेगडी होते: तीन विटांवर रिम ठेवून आत लाकडं पेटवली की आचाऱ्याचं मोठं पातेलं तिच्यावर बसतं. लोखंडाचा प्रश्न हा असा मिटतो. आणि यातलं काही जमलं नाहीच, तर भट्टी आहे. लोखंड वितळतं आणि पुन्हा लोखंड होतं.

पडवीत उरतो तो टायर.

मला या कामात राहून राहून एक गोष्ट दिसते. टायर चढवायचा कसा, धरून ठेवायचा कसा, याचा विचार हुशार माणसांनी फार बारकाईने केलाय. काढायचा कसा, हा विचार मोजक्यांनी केला. त्यातलं एक नाव फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंचं. डनलॉपने १८८८ साली हवेचा टायर सायकलला बसवला, तो चिकटवलेला असायचा. १८८९ साली क्लेरमाँ-फेराँ गावात मिशेलिनच्या कारखान्यात एक सायकलस्वार पंक्चर घेऊन आला. टायर खरवडून काढणं, चिकटवणं यात तासन्‌तास गेले, शिवाय सुकायला एक रात्र. आणि एवढं करून दुरुस्ती टिकली नाही ती नाहीच. त्यावरून एदुआर मिशेलिनने सुटा करता येणारा टायर काढला. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची, सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँने त्या टायरवर जिंकली. पंक्चरवाला नावाच्या माणसाचा धंदा या शोधामुळे शक्य झाला. आपल्याकडे शंभर फुटांवर पंक्चरचं दुकान असतं, त्या दुकानदारांनी मिशेलिनचा फोटो लावायला हरकत नाही.

टायर रिमपासून सुटा झाला, पण टायरमधलं रबर कुणापासूनच सुटं होत नाही. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला रबर आणि गंधक एकत्र तापवल्यावर काय होतं ते सापडलं. त्याआधी रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. गंधकाने त्याच्या लांब साखळ्यांना आडवे सांधे घातले आणि रबर आयुष्यभराचं झालं. ते सांधे पुन्हा सोडवून रबर मूळ रूपात आणणं आजही सोपं नाही. तापवलं तर ते वितळत नाही, जळतं. त्यात काजळी, पोलाद, कापडी दोरे, कृत्रिम रबर हे सगळं एकजीव केलेलं. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला केरळच्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा केल्या आहेत. तिथे झाडाखालच्या वाटीत थेंबथेंब साचणारा तो पांढरा चीक पाहिला, तर त्याचा शेवट माझ्या पडवीतल्या काळ्या वेटोळ्यात होत असेल असं कुणालाही वाटणार नाही.

आपल्या लोकांनी टायरला जागा शोधल्या, हेही खरं. पावसाआधी आमच्याकडे छपरावर निळी ताडपत्री चढते, तिच्यावर दाब म्हणून टायर. धक्क्याला आणि होड्यांच्या अंगाला आपटू नये म्हणून टायर. खेड्यात रबरी चाकांच्या बैलगाडीला लोक आजही डनलॉप म्हणतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांमध्ये तर कामाची विभागणीच चाकावरून: गाडी सेंटर, टायर सेंटर आणि ज्यांच्याकडे चाकच नाही, ते मोळी डोक्यावर वाहणारे डोकी सेंटर. टायरच्या चपला घालणारी माणसं मी लहानपणी खूप पाहिली. त्या चपला मालकापेक्षा जास्त टिकायच्या. पण या सगळ्या जागा भरल्या, आणि टायर येतच आहेत. आमच्या डोंगराच्या त्या टोकाला, भांडुपला, सिएटचा कारखाना कित्येक दशकांपासून टायर करतोय. देशात असे कारखाने कितीतरी. छपरं तेवढी नाहीत.

होळीत टायर जाळायची टूम मध्यंतरी आली होती. आंदोलनात तर टायर पेटवणं ठरलेलंच. धूर काळाकुट्ट, लांबून दिसतो, कॅमेऱ्यात छान येतो. रात्री खाडीच्या कडेला टायर पेटवणारे मात्र आंदोलक नसतात; त्यांना आतली तार हवी असते. रबर जळून गेलं की कडी आणि जाळी उरते, ती भंगारात विकतात. एवढ्याशा तारेसाठी अख्ख्या गावाच्या छातीत तो धूर जातो. हे मला अजिबात मान्य नाही आणि त्यासाठी मी लोकांशी भांडलोय.

टायर नुसता ठेवून द्यावा म्हटलं तर डास. टायर कसाही ठेवा, उभा, आडवा, तिरका, त्याच्या पोटात पाणी साचतंच. तिथे सावली असते, ऊब असते, पालापाचोळा असतो. डेंगीचा डास, एडिस, अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यावर जगतो. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर आतल्या भिंतीला चिकटवते. पाणी आटलं तरी अंडी महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात आणि पहिल्या पावसाचं पाणी चढलं की फुटतात. म्हणजे टायर उलटा करून पाणी ओतलं आणि सुटलो असं होत नाही. आतून खरखरीत ब्रशने घासायला हवा. या डासाचा एक भाऊबंद, अंगावर पट्टे असलेला आशियाई एडिस, तर जुन्या टायरांच्या जहाजी व्यापारातूनच अमेरिकेत पोचला. १९८५ साली तो ह्यूस्टनला सापडला. जूनमध्ये पालिकेची माणसं घरोघर बघायला येतात तेव्हा कुंड्या, पिंप आणि टायर एवढंच विचारतात. माझ्या घरी ती जरा जास्त वेळ थांबतात.

कायदा आता आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून जुन्या टायरची जबाबदारी टायर बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकली. पहिल्या वर्षी दोन वर्षांपूर्वीच्या उत्पादनाच्या ३५ टक्क्यांएवढं, पुढच्या वर्षी ७० टक्के, आणि २०२४-२५ पासून शंभर टक्के पुनर्वापराचं बंधन. कागदावर हे उत्तम आहे. कंपनीला त्यासाठी पुनर्वापर करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रं घ्यावी लागतात. टायर बारीक दळून त्याची भुकटी रस्त्याच्या डांबरात, मैदानाच्या मॅटमध्ये जाते. नाहीतर हवा लागू न देता टायर तापवतात. त्यातून तेल, काजळी आणि तार निघते. शेजारच्या पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात असे कारखाने आहेत आणि त्यांच्या धुराविषयी गावकऱ्यांच्या तक्रारीही आहेत. पण या साखळीत माझ्यासारखा, पडवीत चार-सहा टायर घेऊन बसलेला माणूस कुठे बसतो? गोळा करणाऱ्याला ट्रकभर माल हवा असतो. चार-सहांसाठी तो गायमुखाचा घाट चढत नाही.

म्हणून मी माझ्यापुरती व्यवस्था लावली आहे. टायर पत्र्याखाली उभे रचायचे, वर ताडपत्री. शेजारपाजारच्या दोन गॅरेजवाल्यांनाही सांगून ठेवलंय, तुमचे इथे आणा, पण टाकून जाऊ नका, रचून जा. एक टेम्पोभर झाले की भिवंडीकडे जाणाऱ्या ओळखीच्या गाडीत रिकाम्या फेरीला भरून द्यायचे. मिळतात ते पैसे चहापाण्याइतके. डिझेल वसूल झालं तरी मी खूश. लग्नाच्या मांडवाचं गिऱ्हाईक कधीकधी विचारतं, अहो, टायरांना रंग देऊन त्यात झेंडू लावून प्रवेशद्वाराला ठेवले तर? ठेवतो. तीन दिवसांनी ते झेंडू कोमेजतात आणि टायर परत माझ्याकडे येतात.

अलीकडे मालाचा प्रकारच बदलत चाललाय. नव्या गाड्यांना अलॉयच्या रिमा. ॲल्युमिनियमवर लोखंडी पाइप वेल्ड होत नाही, आणि भावही त्याला चढा, म्हणून अलॉय माझ्यापर्यंत येतच नाही. कुणी रुंद, चपट्या टायरचं अलॉय चाक घेऊन आलंच, ‘काका, जरा काढून द्या’ म्हणत, तर मी सरळ मशीनवाल्याचा पत्ता देतो. टॉमीचा एक ओरखडा पडला तर त्याच्या तोंडाला तोंड कोण देणार. लोखंडी रिम आता येते ती बरेचदा स्टेपनीची. चार चाकं अलॉयची आणि डिकीतलं पाचवं लोखंडी, अशी पुष्कळ गाड्यांची पद्धत आहे. गाडी भंगारात निघते तेव्हा ती स्टेपनी कधी रस्त्याला लागलेलीच नसते. टायरवर साच्यातून येणारे रबराचे बारीक केस अजून ताठ उभे. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं.

असा टायर मी उतरवत असलो की कुणी ना कुणी फाटकाशी थांबतं. नवाकोरा आहे, आम्हाला द्या की, रिक्षाला नाही तर मेव्हण्याच्या गाडीला होईल. मी त्याला चौकटीतले चार आकडे दाखवतो: २०११ सालचा टायर. वापरला असो वा नसो, दहा वर्षांनंतर टायर बदलाच, असं टायर कंपन्याच सांगतात. रबर डिकीतही म्हातारं होतं. तो म्हणतो, एवढं कोण बघतं. मी मान डोलावतो, छिन्नी उचलतो आणि टायरच्या बाजूला चार ठिकाणी भोकं पाडतो. मग तो कुणाच्या गाडीला लागत नाही, आणि पावसाचं पाणीही त्यात राहत नाही.